मरण हेही एक निदान आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे, स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलेला, दीड महिन्यात तिसऱ्यांदा ॲडमिट. जेवण दोन घासांवर आलंय, दिवसाचा बराच वेळ झोपेत जातो. तरी रोज रक्त काढतात, परवा पुन्हा सीटी झाला, काल अँटिबायोटिक बदललं. विचारलं की डॉक्टर म्हणतात, "बघू या, काउंट कमी येतायत." आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी मात्र हळूच विचारलं, "सगळे नातेवाईक भेटून गेले का?" वडील जाणार हे डॉक्टरांना कळत नाही, की कळूनही ते सांगत नाहीत?

मी मूळची भूलतज्ज्ञ. पहिली अकरा वर्षं आयसीयूत काढली. नंतरची सोळा पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा माणसांच्या वेदना, धाप, मळमळ, भीती यांची काळजी घेण्यात. दोन्हीकडची चूल बघितली आहे, म्हणून सांगते. सिस्टरांना कळलंय. डॉक्टरांनाही बहुधा कळलंय, पण ज्याला त्याला आपापल्या मनात. केसपेपरवर ते कुणीच लिहिलेलं नाही, आणि हॉस्पिटलमध्ये जे लिहिलेलं नाही ते घडत नाही.

न्यूमोनियाचं निदान लिहिलं की त्यामागून औषधं, तपासण्या, राउंड सगळं आपोआप येतं. "हा माणूस मरणपंथाला लागला आहे" हेसुद्धा एक निदान आहे. त्याचीही लक्षणं असतात, त्यालाही उपचार असतात, आणि तेही वेळेवर व्हावं लागतं. पण हे एकच निदान असं आहे की ते चुकलं तर डॉक्टरला जाब विचारला जातो आणि केलंच नाही तर कुणी काही म्हणत नाही. मग ते राहून जातं.

रेसिडेंट असताना पहाटे पाचला रक्त काढायचं काम माझ्याकडे असायचं. साठीच्या एक बाई होत्या, अंडाशयाचा कॅन्सर, पोट पाण्याने टम्म. दोन दिवस डोळे उघडले नव्हते. दोन्ही हातांच्या शिरा बसलेल्या, जिथे तिथे जांभळे डाग. मी पायाच्या घोट्यापाशी पट्टा आवळून तीनदा टोचलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय ओढून घेतला. दोन दिवसांत केलेली ती त्यांची एकमेव हालचाल. सव्वाआठला त्या गेल्या. पोटॅशियमचा रिपोर्ट साडेनऊला आला आणि मी तो केसपेपरला नीट टाचून ठेवला. पोटॅशियम नॉर्मल होतं. तिथे कुणी दुष्ट नव्हतं. ऑर्डरशीटवर "रोज सकाळी" असं लिहिलं होतं आणि ते कुणी खोडलं नव्हतं, एवढंच.

सगळी यंत्रणा अशीच चालते. पुढचं पाऊल टाकायला कुणाला काही ठरवावं लागत नाही, थांबायला मात्र कुणालातरी ठरवावं लागतं. त्यात मोठ्या हॉस्पिटलात माणूस अवयवांमध्ये वाटला जातो. किडनीवाले येऊन सांगतात, क्रिएटिनिन खाली आलंय. छातीवाले म्हणतात, एक्सरे कालच्यापेक्षा बरा आहे. संसर्गवाले म्हणतात, ताप उतरला. प्रत्येक जण खरं बोलतो. एकेक अवयव थोडा थोडा सुधारत असतो आणि माणूस जात असतो. त्या सगळ्यांची बेरीज करणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं.

छाती दाबण्याचीच गोष्ट घ्या. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काउवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत मांडली. भुलेत, ऑपरेशन टेबलावर अचानक हृदय थांबलेल्या माणसाला ती खरोखरच परत आणते. मी स्वतः आणलेली माणसं आहेत. पण पुढे ती हॉस्पिटलात मरणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली. "करा" असं लिहावं लागत नाही, "करू नका" असं लिहावं लागतं. हॉस्पिटलमध्ये हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चार-पाचांत एक जण जगून घरी जातो. सर्वत्र पसरलेला कॅन्सर असेल आणि शरीर हळूहळू खचत आलं असेल, तर हा आकडा फार खाली येतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी टीव्ही मालिकांमधले असे प्रसंग मोजले. पडद्यावर चारातले तीन जण त्या प्रसंगातून वाचत होते! नातेवाईक "सगळं करा" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तो पडदा असतो. आमच्या डोळ्यांसमोर तळव्याखाली मोडणाऱ्या बरगड्या असतात. दोघं एकाच शब्दाबद्दल बोलत असतात आणि वेगळंच बोलत असतात.

आता "कळत नाही का?" या भागाकडे येते. कळतं, पण चुकीचं. २००० साली शिकागोत निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी ३४३ डॉक्टरांना त्यांच्या ४६८ मरणासन्न पेशंटबद्दल विचारलं की हा किती दिवस काढेल. जवळपास बरोबर निघाले २० टक्के अंदाज. ६३ टक्क्यांनी जास्त सांगितलं. एकंदरीत डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा पाचपटीहून अधिक आयुष्य वर्तवलं. आणि मला सर्वांत बोचलेली गोष्ट: डॉक्टर आणि पेशंटची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकीचा. म्हणजे वीस वर्षं तुमच्या वडिलांना बघणारे, त्यांच्यावर माया असणारे डॉक्टर या एका बाबतीत सर्वांत भाबडे ठरण्याची शक्यता. त्यांचा सल्ला जरूर घ्या, पण काळाचा अंदाज दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडूनही घ्या.

अंदाजाची एक ढोबळ रीत आम्ही वापरतो, ती घरच्यांनाही वापरता येते. प्रकृती महिन्यागणिक उतरत असेल तर हाताशी काही महिने आहेत. आठवड्यागणिक उतरत असेल तर काही आठवडे. कालच्यापेक्षा आज कमी असं रोज दिसत असेल तर दिवस. मध्येच आलेला, औषधाने उतरणारा संसर्ग असेल तर ही रीत फसते, म्हणून ती एकटी वापरू नये. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मागचे तीन आठवडे आठवून बघा. उतार कोणत्या वेगाचा आहे ते तुम्हाला रिपोर्टपेक्षा नीट सांगता येईल.

आणि "सांगत का नाहीत?" १९६१ मध्ये अमेरिकेत विचारलं तेव्हा दहातल्या नऊ डॉक्टरांचा कल कॅन्सर आहे हे पेशंटला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तसाच प्रश्न विचारला तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पारडं पार उलटलं. पण उलटलं ते रोगाच्या नावापुरतं. रोगाचं नाव सांगणं वेगळं आणि तो कुठे नेणार आहे हे सांगणं वेगळं. २०१२ मध्ये अमेरिकेतच, पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या सुमारे बाराशे लोकांचा अभ्यास झाला. फुफ्फुसाच्या कॅन्सरमधल्या ६९ टक्के आणि आतड्याच्या कॅन्सरमधल्या ८१ टक्के लोकांना आपली केमो रोग बरा करण्याची शक्यता नाही हे उमगलेलंच नव्हतं.

हे कसं होतं ते मी शेकडो वेळा पाहिलंय. डॉक्टर म्हणतात, "हा बरा होणारा नाही, पण आपण केमो देऊ शकतो." पहिला अर्धा भाग तीन सेकंदांत संपतो. दुसरा सुरू झाला की सगळ्यांना सुटल्यासारखं होतं: किती सायकल, दर किती दिवसांनी, केस जातील का, सलाइनसाठी पोर्ट बसवायचा का. पंचवीस मिनिटं त्यावर जातात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. पण घरी जाताना हातात वेळापत्रक असतं, आणि ज्याला वेळापत्रक आहे तो मरणार कसा?

डॉक्टरांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. वाईट बातमी कशी सांगायची हे माझ्या पिढीला कुणी शिकवलं नाही. मी आयसीयूत असताना एका वृद्ध गृहस्थांच्या पत्नीला दारातच उभ्या उभ्या सांगितलं, "आता करण्यासारखं काही उरलेलं नाही." मला वाटलं, मी प्रामाणिक बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तुम्ही उद्या येणार नाही का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ते वाक्य मात्र त्या दिवसापासून मी टाकून दिलं. रोग हटवण्यासारखं काही उरत नाही, हे खरं. पण दुखणं, धाप, मळमळ, तोंड आलेलं, रात्रीची तगमग, या प्रत्येकावर शेवटच्या तासापर्यंत काम असतं.

हे काम म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. तिची घडी बसवली ती सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग हॉस्पिटलात समाजसेविका, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेवर आपलं कुणी ऐकायचं तर डॉक्टर व्हावं लागेल म्हणून १९५७ मध्ये डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पाइस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांची काळजी घेणारं ठिकाण, उघडलं. त्यांचं म्हणणं असं की मरणाऱ्याची वेदना नुसती हाडात किंवा पोटात नसते. मागे राहणाऱ्यांची काळजी, अर्धवट राहिलेली कामं, धास्ती हे सगळं त्याच वेदनेत मुरलेलं असतं. आणि मॉर्फीन ठराविक तासांनी द्यायचं, दुखणं डोकं वर काढायच्या आत. माणूस कळवळून मागेपर्यंत थांबायचं नाही. ही साधी गोष्ट, पण आजही कित्येक वॉर्डांत ऑर्डर दिसते ती "दुखल्यास द्यावे" अशी.

मॉर्फीनचं नाव काढलं की घरचे दचकतात, म्हणून त्यावर जरा थांबते. "मॉर्फीन सुरू केलं आणि दोन दिवसांत गेले" हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी ऐकवतं. बहुतेकदा क्रम उलटा असतो: जायची वेळ जवळ आली, त्रास वाढला, म्हणून मॉर्फीन आलं. कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत नेलेलं मॉर्फीन माणसाला मारत नाही. थोड्या मात्रेत ते धापेवरही उतारा आहे. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ येते, ती सहसा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फीनच्या पहिल्याच दिवशी जुलाबाचं औषधही लिहायचं. मी विद्यार्थ्यांना सांगते, ज्या हाताने मॉर्फीन लिहिता त्याच हाताने जुलाबाचं औषध लिहिलं नाही तर तीन दिवसांनी एनिमाही स्वतः द्यायचा. जाता जाता: २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला की जगात दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या मॉर्फीन जातीच्या २९८.५ टन औषधांपैकी अगदी गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येतं. इतकं जुनं, इतकं स्वस्त औषध.

पॅलिएटिव्ह म्हटलं की लोकांना वाटतं, आशा सोडली. २०१० मध्ये बॉस्टनला जेनिफर टेमेल यांनी फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर केलेला अभ्यास मी नातेवाइकांना नेहमी सांगते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाला बरं वाटत होतं, उदासी कमी होती, शेवटी शेवटी आक्रमक उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरी ते जास्त जगले: मध्यम आयुष्य ११.६ महिने, पहिल्या गटाचं ८.९. आयुष्य वाढल्याचं नंतरच्या सगळ्या अभ्यासांत दिसलं नाही, हेही सांगायला हवं. बरं वाटणं मात्र बहुतेकांत दिसलं. मला तेवढं पुरतं.

खाण्यापिण्यावरून घरात सर्वांत जास्त भांडणं होतात. "उपाशी ठेवून मारताय का?" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. शरीर बंद होत आलं की भूक आधी जाते. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो, तो मरत असतो म्हणून खात नसतो. २०१३ मध्ये हॉस्पाइसमधल्या १२९ कॅन्सर पेशंटपैकी काहींना रोज एक लिटर सलाइन आणि काहींना नावापुरतं १०० मिलिलिटर दिलं गेलं. त्रासात फरक नाही, आयुष्यात फरक नाही. उलट जास्तीचं पाणी पायांवर सूज आणतं, छातीत साठतं. कोरडं पडतं ते तोंड. स्पंजच्या काडीने किंवा मऊ ब्रशने दर अर्ध्या-पाऊण तासाला ओठ, जीभ, हिरड्या ओल्या करायच्या, ओठांना व्हॅसलिन लावायचं. हे काम नर्सपेक्षा घरचं माणूस चांगलं करतं, आणि त्याच्या हातांनाही काहीतरी करायला मिळतं.

शेवटच्या एक-दोन दिवसांत काय दिसतं तेही सांगून ठेवते, कारण न सांगितल्यामुळेच लोक मध्यरात्री घाबरून आयसीयूकडे धावतात. झोप वाढत जाते. गिळणं थांबतं. लघवी कमी, गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते. श्वास मध्येच थांबतो, वीस-तीस सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण पेशंट तेव्हा सहसा खोल बेशुद्धीत असतो. कुशीवर वळवलं की पुष्कळदा कमी होते. सक्शनची नळी घालून फायदा थोडा, बोचणं जास्त. काहींना मध्येच तगमग होते, चादर ओढतात, अंथरुणातून उठू बघतात. आधी लघवी तुंबलीय का, दुखतंय का ते बघायचं, आणि मग त्यावर औषध आहे, ते मागायचं.

लोकांना वाटतं डॉक्टर स्वतःसाठी वेगळं मरण निवडत असतील. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा डॉक्टरांचे शेवटचे महिने इतरांपेक्षा फारसे वेगळे निघाले नाहीत. नुसतं माहीत असून भागत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पाच हॉस्पिटलांत नऊ हजारांहून अधिक गंभीर पेशंटवर एक प्रचंड अभ्यास झाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात निम्म्या पेशंटच्या डॉक्टरांना आयुष्याचे अंदाज छापून दिले, पेशंटच्या इच्छा पोचवायला खास नर्स नेमल्या. काही बदललं नाही. माहिती केसपेपरात पडून राहिली आणि गाडी त्याच रुळावरून गेली.

म्हणून तुमच्या हातात काय आहे ते सांगते. "अजून काही करता येईल का?" हा प्रश्न विचारणं थांबवा. करता येण्यासारखं नेहमी काहीतरी असतंच, आणि तुम्ही विचारलं की आम्ही ते करतो. त्याऐवजी विचारा, "या तपासणीचा रिपोर्ट कसाही आला तरी उपचारांत काय बदलणार आहे?" आणि मुख्य डॉक्टरांना एकटं गाठून, शक्य तर बसवून, विचारा, "पुढच्या महिन्याभरात बाबा गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" किती दिवस, हे सांगायला डॉक्टर कचरतात. आश्चर्य वाटेल का, याला मात्र खरं उत्तर देतात, कधी नुसत्या गप्प राहण्याने. सगळ्या विभागांच्या डॉक्टरांना एका टेबलाशी बसवायची मागणी करा, आणि तिथे त्या रात्रपाळीच्या सिस्टरही हव्यात. आयसीयूचा विषय निघालाच तर मुदत बांधून घ्या: तीन दिवस बघू, अमुक सुधारणा दिसली नाही तर यंत्रं काढू. मुदत आधी ठरलेली असली की नंतर काढताना कुणा एकाच्या जिवावर ओझं येत नाही. सुरू न करणं आणि सुरू केलेलं थांबवणं, नैतिकदृष्ट्या दोन्ही एकच. मनाला मात्र दुसरं फार जड जातं. कायद्याचे कागद देशोदेशी वेगळे असतात, ते हॉस्पिटलकडून समजून घ्या.

आणि वडिलांशी बोला. त्यांना सांगू नका, असं घरात ठरलेलं असेल तर सांगू नका, पण विचारा तरी. "बाबा, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" एवढंच, आणि मग गप्प बसा. मागे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मला माहीत आहे हो सगळं. मला फक्त ही नाकातली नळी नकोय, आणि माझा चष्मा कुठे ठेवलाय ते कुणी सांगत नाहीये." चष्मा उशीखाली होता. नळी त्या दिवशी संध्याकाळी काढली.

इतकं सगळं एकदम जमणार नसेल तर उद्या सकाळच्या राउंडला एकच विचारा: पहाटेचं रक्त काढणं बंद करता येईल का? त्या ओळीवर पेन फिरवायचा तर डॉक्टरांना का ते लिहावं लागेल. पेन थबकला, तर "खाली बसून पाच मिनिटं बोलू या का?" म्हणा आणि स्वतः उठून त्यांना खुर्ची पुढे करा.